मध्यम मोटारीची पारख

बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी प्रथम दात पाहतो, मग खूर तपासतो, मग चार पावले चालवून बघतो आणि सर्वांत शेवटी किमतीची गोष्ट काढतो. जी वस्तू महाग असते, पुष्कळ वर्षे वापरायची असते आणि आयुष्यात एकदोनदाच घ्यायची असते, तिची पारख कशी करावी याचे एक अलिखित शास्त्र समाजात हळूहळू तयार होते. बैलाचे शास्त्र शेकडो वर्षांचे आहे. मोटारीचे शास्त्र भारतात अवघ्या सत्तर-पाऊणशे वर्षांचे आहे; आणि ते कसे घडले, कोणकोणत्या चुकांतून घडले, याचा इतिहास मनोरंजक तितकाच बोधप्रद आहे.

ज्या मोटारीला मध्यम आकाराची सेडान म्हणतात ती चार दारांची, चार-पाच माणसे सुखाने बसतील अशी आणि मागे सामानासाठी स्वतंत्र डिकी असलेली गाडी. ती राजेरजवाड्यांची नव्हे आणि अगदी काटकसरीचीही नव्हे. डॉक्टर, वकील, पेढीवाला, सरकारी अधिकारी, भाड्याने मोटार चालवून संसार करणारा माणूस हा तिचा खरा ग्राहक. असा ग्राहक चैनीसाठी मोटार घेत नाही. बऱ्याच वर्षांची शिल्लक किंवा डोक्यावर घेतलेले कर्ज त्या गाडीत गुंतलेले असते. म्हणून त्याला तीन गोष्टी तोलाव्या लागतात: गाडीत सोयी काय आहेत, खर्च किती येईल, आणि तिच्यावर भरवसा किती ठेवावा. या तिन्ही शब्दांचे अर्थ काळाबरोबर बदलत गेले. त्यांतही ‘भरवसा’ या शब्दाचा अर्थ सर्वांत अधिक बदलला.

आरंभी भारतात मोटारी येत त्या परदेशांतून. १९२८ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत बाहेरून आलेले भाग जोडून मोटारी तयार करण्यास सुरुवात केली. तिच्या मागोमाग फोर्ड कंपनीनेही तसेच कारखाने काढले. येथे जोडणी होई, निर्मिती होत नसे. पुढे दोन भारतीय उद्योगपती या क्षेत्रात उतरले. १९४२ मध्ये बिर्लांनी हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी स्थापन केली. तिचे काम प्रथम सौराष्ट्रातील ओखा बंदरात चाले, ते १९४८ मध्ये कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यास गेले. १९४४ मध्ये सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. तिसरी कंपनी मद्रासची स्टँडर्ड मोटर.

१९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारने असे धोरण स्वीकारले की, जी कंपनी देशातच क्रमाक्रमाने सर्व भाग तयार करण्याचा कार्यक्रम आखील तिलाच या धंद्यात स्थान राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी तेव्हा भारतातून आपले बस्तान हलवले. त्यानंतर सुमारे तीस वर्षे भारतीय ग्राहकापुढे मुख्यतः तीनच गाड्या राहिल्या. उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. पारख करण्याचे शास्त्र या तिघींच्या तुलनेतूनच जन्माला आले.

ॲम्बेसेडर ही इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली. तिचे उत्पादन १९५७ मध्ये सुरू झाले आणि थोड्याच काळात तिला १,४८९ घन सेंटिमीटरचे यंत्र मिळाले. तिचे अंग मोठे, पत्रा जाड, मागचे आसन सोफ्यासारखे. पाच माणसांच्या गाडीत सात-आठ माणसे बसून लग्नाला जात आणि त्याबद्दल गाडी कुरकुरत नसे. फियाट ही इटलीच्या ११०० या नमुन्याची. यंत्र १,०८९ घन सेंटिमीटरचे. ती लहान, हलकी, वळवायला सोपी आणि पेट्रोल कमी पिणारी. १९७० च्या दशकात तिचे नाव प्रथम प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी झाले. तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. स्टँडर्ड हेराल्ड १९६१ पासून मिळू लागली. तीत ९४८ घन सेंटिमीटरचे यंत्र होते. तिचा पुढचा सारा भाग एका झाकणासारखा उचलला जाई आणि यंत्र चारी बाजूंनी मोकळे होई. ती फार थोड्या जागेत वळत असे. रूपाने ती तिघींत देखणी. आरंभी तिला दोनच दारे होती; कुटुंबवत्सल भारतीय ग्राहकासाठी पुढे चार दारांचा नमुना मुद्दाम तयार करावा लागला.

कागदावर पाहिले तर तिघींचे गुणदोष असे वाटले गेले होते की, निवड अवघड व्हावी. प्रत्यक्षात ती फारशी अवघड झाली नाही. कारण ग्राहकाने सोयींकडे आधी पाहिलेच नाही. त्याने विचारले, ‘गाडी वाटेत बंद पडली तर काय?’ त्या काळी भरवशाची गाडी म्हणजे कधीच बंद न पडणारी गाडी असा अर्थ नव्हता. त्या काळच्या रस्त्यांवर आणि त्या काळच्या बनावटीत तशी गाडी असणे शक्यच नव्हते. घाटात पाणी उकळावे, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकावा, क्लच घसरावा, हे गृहीतच असे. जी गाडी बंद पडल्यावर तालुक्याच्या गावचा मिस्त्री दोन पान्यांनी आणि तारेच्या तुकड्याने पुन्हा चालू करू शकेल, ती भरवशाची. म्हणजे भरवसा यंत्रावर नव्हता. यंत्र ओळखणाऱ्या माणसावर आणि सहज मिळणाऱ्या सुट्या भागांवर होता.

या कसोटीवर ॲम्बेसेडर श्रेष्ठ ठरली. तिची बांधणी वर्षानुवर्षे फारशी बदलली नाही. टीकाकार याला आळस म्हणत, आणि ती टीका खोटी नव्हती. परंतु त्याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की, जुन्या गाडीचे पुष्कळ भाग नव्या गाडीला चालत आणि एकदा शिकलेला मिस्त्री जन्मभर उपयोगी पडे. इंदूरपासून हैदराबादपर्यंत कोठेही तिचे भाग टांगलेले दुकान सापडे. फियाटला हाच लाभ मुंबईत व पश्चिम किनाऱ्यावर मिळाला. कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्यांनी ॲम्बेसेडर पत्करली आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट, यामागे केवळ आवड नव्हती. उत्तरपाडा कलकत्त्याच्या शेजारी आणि कुर्ला मुंबईच्या पोटात. कारखाना जवळ असला म्हणजे सुटे भाग, जाणता कारागीर आणि जुन्या गाडीला गिऱ्हाईक ही तिन्ही जवळ येतात. मुंबईच्या अरुंद आणि गर्दीच्या रस्त्यांवर लहान गाडी अधिक सोयीची, हेही खरेच. हेराल्डला असा मोठा गोतावळा लाभला नाही. तिचे चाहते निष्ठावंत होते, परंतु मद्रासपासून दूर गेल्यावर तिच्या मालकाला मिस्त्री शोधत हिंडावे लागे. देखणेपण त्या हिंडण्याची भरपाई करू शकले नाही.

खर्चाचा हिशेब त्या काळी चमत्कारिक होता. १९५९ च्या एका आदेशाने मोटारींचे वाटप आणि विक्री नियंत्रणाखाली आली. ग्राहकाने आपले नाव नोंदवताना टपाल कचेरीच्या बचत खात्यात दोन हजार रुपये अनामत ठेवावे, मग रांगेत थांबावे, अशी व्यवस्था होती. फियाटची रांग सर्वांत लांब असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने किमतीही ठरवून दिल्या. नवी मोटार तेव्हा पंधरा हजार रुपयांच्या आगेमागे मिळे. कंपन्यांना हे दर परवडत नव्हते; तो तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. देशातील मोटारींचे वार्षिक उत्पादन कित्येक वर्षे पन्नास हजारांच्या आतच राहिले, आणि मागणी मात्र त्याहून पुष्कळ अधिक होती. परिणाम असा की, नवी गाडी हाती येताच तिची बाजारातील किंमत वाढे. जी वस्तू वापरल्याने स्वस्त व्हावी ती वापरूनही महाग राही. ज्याला नंबर लागला त्याला ते भाग्य वाटे; पण ज्याला तातडीने गाडी हवी होती, त्या आजारी माणसाच्या घरच्यांना किंवा नव्याने धंदा मांडणाऱ्याला तो भुर्दंड होता. निवडीचा अधिकारच नसला की पारखीचे शास्त्र लुळे पडते. रांगेत नंबर कोणता लागतो यावर गाडी ठरते, गुणांवर नव्हे.

१९७३ च्या अखेरीस जगभर खनिज तेलाचे भाव भडकले. तोपर्यंत खर्च म्हणजे गाडीची किंमत अशी समजूत होती. आता गाडी घेण्याइतकेच ती चालवणेही महाग झाले. ‘लिटरला किती देते?’ हा प्रश्न भारतीय ग्राहकाच्या जिभेवर कायमचा बसला तो याच काळात. १९८० च्या सुमारास डिझेलवर चालणारी ॲम्बेसेडर निघाली. ती आवाजी होती, वेगाला मंद होती, आणि चढावर तिचा जीव मेटाकुटीस येई. परंतु डिझेल स्वस्त असल्यामुळे भाड्याने गाडी चालवणाऱ्यांनी तिला उचलून धरले. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर धावणाऱ्याला इंधनाचा हिशेब प्रथम, आवाजाचा नंतर.

१९८० च्या दशकात सरकारी बंधने काहीशी सैल झाली आणि कंपन्यांना वाटले की, आता ग्राहकाला थाट हवा आहे. त्या समजुतीतून दोन गाड्या निघाल्या आणि दोघींनीही एक धडा शिकवला. १९८४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा आणली. ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल गाडीचा तो लांब-रुंद, रुबाबदार देह. पण आत यंत्र होते ॲम्बेसेडरचे जुने. पहिलवानाच्या अंगात पोराचे काळीज घालावे तसा हा प्रकार. काही वर्षांनी इसुझु या जपानी कंपनीचे १.८ लिटरचे यंत्र तीत बसवले गेले, तेव्हा कोठे तिला शोभेशी गती आली. ही यंत्रे इंदूरजवळच्या पीथमपूर येथील कारखान्यात तयार होत, आणि पुढे १९९० च्या दशकात ॲम्बेसेडरलाही तीच मिळाली.

दुसरी गाडी मद्रासची स्टँडर्ड २०००. १९८५ मध्ये ती आली तेव्हा तिच्या रूपावर लोक खुश झाले. कारण तो रोव्हर या नामांकित इंग्रजी मोटारीचा देह होता. परंतु आत बसवलेले यंत्र त्याच कंपनीच्या एका जुन्या गाडीच्या वंशातले. ती पेट्रोल फार पिई आणि त्या मानाने पळत नसे. थोड्याच वर्षांत तिचे उत्पादन बंद पडले आणि तिच्याबरोबर ती कंपनीही मोटारींच्या धंद्यातून अस्तास गेली. बाहेरचा थाट आणि आतली ताकद यांचा मेळ नसला तर ग्राहक फार काळ फसत नाही, एवढे यातून दिसले. मात्र ज्यांनी प्रथम विश्वास टाकून गाडी घेतली, त्यांच्या दारात ती सुट्या भागांवाचून उभी राहिली. चूक कारखान्याची आणि दंड ग्राहकाला, ही रीत येथे प्रथम ठळकपणे दिसली. ती पुढेही दिसायची होती.

दरम्यान १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीजवळच्या मारुती कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. सरकार आणि सुझुकी ही जपानी कंपनी यांच्या भागीदारीतील ही गाडी सेडान नव्हती, अगदी लहान होती. तथापि तिने मध्यम गाडीचाही इतिहास बदलला. सकाळी पहिल्या प्रयत्नात चालू होणारी, महिनोन् महिने मिस्त्रीचे तोंड न पाहणारी मोटार असू शकते, हे लोकांनी प्रथमच अनुभवले. ‘दुरुस्त होणारी’ गाडी आणि ‘न बिघडणारी’ गाडी यांतला फरक कळला. १९९० मध्ये याच कंपनीने मारुती १००० ही सेडान आणली. तिची किंमत पावणेचार लाखांच्या आसपास म्हणजे त्या काळी डोळे पांढरे करणारी होती, आणि ९७० घन सेंटिमीटरचे तिचे यंत्र तिच्या देहाला अपुरे होते. तरी लोक नोंदणी करून थांबले. १९९४ मध्ये तिच्याच जागी १.३ लिटर यंत्राची एस्टीम आली आणि यंत्राची उणीव भरून निघाली.

१९९१ मध्ये नवे औद्योगिक धोरण आले आणि १९९३ मध्ये मोटारींच्या उत्पादनावरील परवाना पद्धत उठली. धरण फुटावे तशा परदेशी कंपन्या आत आल्या. यांतील पुष्कळ गाड्यांचा जन्म मराठी माणसाच्या शेजारीच झाला. प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो यांनी मिळून कल्याणला ‘३०९’ ही गाडी काढली. महिंद्र आणि फोर्ड यांची एस्कॉर्ट नाशिकला जोडली जाई. जनरल मोटर्स पुन्हा भारतात आली आणि बडोद्याजवळ हालोल येथे १९९६ मध्ये तिची ओपेल ॲस्ट्रा तयार होऊ लागली. कोरियातील देवू कंपनीने १९९५ मध्ये दिल्लीजवळच्या कारखान्यातून सिएलो बाजारात आणली. वातानुकूलन, विजेवर खालीवर होणाऱ्या काचा, मऊ आसने, शांत यंत्र. चाळीस वर्षे तीन गाड्यांत दिवस काढलेल्या ग्राहकापुढे एकदम पंचपक्वान्नांचे ताट आले.

येथे पारखीच्या शास्त्राची कठोर परीक्षा झाली. आता सोयींची तुलना करता येत होती, किमतीची तुलना करता येत होती. भरवशाची तुलना मात्र कशी करावी हे कोणालाच ठाऊक नव्हते. कारण या गाड्यांना या देशात भूतकाळच नव्हता. लोकांनी नवेपणालाच भरवसा मानले. मग काय झाले? प्यूजोचा कल्याणचा संसार कामगारांचे तंटे आणि भागीदारांतील बेबनाव यांमुळे काही वर्षांतच मोडला आणि फ्रेंच कंपनी निघून गेली. सिएलोची विक्री वाढावी म्हणून पुढे तिच्या किमती बऱ्याच उतरवल्या गेल्या; त्यामुळे ज्यांनी आधी पूर्ण दाम मोजला होता त्यांच्या गाडीचे मोल घरबसल्या घसरले. त्यानंतर १९९९ मध्ये कोरियातील मूळ देवू उद्योगसमूहच कर्जाच्या ओझ्याने कोसळला आणि नव्या शतकाच्या आरंभी भारतातील कारखानाही थांबला. गाड्या मुळात वाईट नव्हत्या. यंत्र उत्तम चालत होते, गादी मऊ होती, वातानुकूलन गार होते. पण एखादा लहानसा भाग मोडला की तो कोठे मिळेल हे सांगणारा कोणी उरला नाही.

हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. ॲम्बेसेडरच्या काळी भरवसा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीवर होता. नव्या गाड्यांत यंत्राची नाडी संगणकाच्या हाती गेली. तिचे भाग कंपनीच्याच मोहोरेखाली मिळू लागले. म्हणजे भरवसा मिस्त्रीकडून निघून कंपनीकडे गेला. ग्राहक गाडी विकत घेतो असे त्याला वाटे. वस्तुतः तो दहा-पंधरा वर्षांसाठी एका कंपनीशी सोयरीक करत होता. सोयरीक करताना केवळ मुलाचे रूप पाहून चालत नाही, घराणे टिकून राहणारे आहे की नाही हेही पाहावे लागते.

ज्या गाडीने हे शास्त्र स्थिर केले ती होंडा कंपनीची सिटी. जानेवारी १९९८ मध्ये ग्रेटर नोएडा येथील कारखान्यातून ती विक्रीस आली. आरंभी तीत १.३ आणि १.५ लिटरची यंत्रे होती आणि ती चपळाईसाठी प्रसिद्ध झाली. २००३ मध्ये कंपनीने एक धाडस केले. नव्या सिटीत १.५ लिटरचे असे यंत्र बसवले की, त्याची ताकद सुमारे ७७ अश्वशक्ती म्हणजे जुन्या गाडीपेक्षा कमी होती, परंतु पेट्रोलची बचत मोठी होती आणि आत जागा ऐसपैस होती. वेगाच्या शौकिनांनी नाके मुरडली. बाजाराने मात्र तिला स्वीकारले. कारण बहुसंख्य ग्राहक शर्यतीसाठी गाडी घेत नव्हता. आठवड्याचे पाच दिवस कचेरीत जायचे आणि सुटीत गावी जायचे, हा त्याचा प्रवास. कागदावरची ताकद आणि रोजची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणाने सिद्ध केले. पुढे २००८, २०१४ आणि २०२० मध्ये याच नावाच्या नव्या पिढ्या आल्या. नाव टिकले, सेवा केंद्रे टिकली, म्हणून जुन्या सिटीला दुसरा आणि तिसरा मालकही मिळत राहिला.

जुनी गाडी विकताना काय येईल हा प्रश्न खर्चाच्या हिशेबात येथूनच पक्का बसला. समजा, दोन गाड्या आहेत. एक दहा लाखांची, ती पाच वर्षांनी सहा लाखांना जाते. दुसरी नऊ लाखांची, ती तितक्याच वर्षांनी चार लाखांना जाते. दुकानात दुसरी एक लाखाने स्वस्त दिसते. पाच वर्षांनी हिशेब केला तर तीच एक लाखाने महाग पडली असे दिसते. शाळेतल्या वजाबाकीपलीकडे यात काही नाही, पण दुकानाच्या झगमगाटात ही वजाबाकी करण्याचे भान थोड्यांनाच राहते.

डिझेलच्या गाडीने असाच दुसरा हिशेब शिकवला. पेट्रोलच्या किमती सरकारने २०१० मध्ये मोकळ्या केल्या, डिझेलच्या मात्र बांधूनच ठेवल्या. दोहोंतील अंतर वाढले आणि मध्यम सेडान घेणारे घोळक्याने डिझेलकडे वळले. होंडासारख्या पेट्रोलनिष्ठ कंपनीनेही २०१४ च्या सिटीत डिझेलचे यंत्र दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिझेलच्या किमतीही मोकळ्या झाल्या आणि अंतर कमी होऊ लागले. पुढे १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम आले, तेव्हा डिझेल यंत्र अधिक महाग झाले आणि या वर्गातून ते जवळजवळ नाहीसेच झाले. गाडीसाठी एक लाख रुपये अधिक मोजले आणि किलोमीटरमागे दोन रुपये वाचले, तर मुद्दल फिटायला पन्नास हजार किलोमीटर धावावे लागते. वर्षाला दहा हजार किलोमीटर जाणाऱ्याला त्यासाठी पाच वर्षे हवीत. तेवढ्यात सरकारचे धोरण बदलले तर हिशेबच कोलमडतो. आजच्या इंधनदरावर उद्याची पाच वर्षे बांधू नयेत, हा धडा पुष्कळांनी पदरमोड करून घेतला.

करांच्या नियमांनीही गाडीच्या अंगावर कात्री चालवली. २००६ मध्ये चार मीटरांहून आखूड आणि ठरावीक मर्यादेतील यंत्राच्या गाड्यांवरील अबकारी कर कमी झाला. त्यासरशी सेडानच्या डिक्या कापून त्या चार मीटरांत बसवण्याची स्पर्धा सुरू झाली. पुण्याच्या टाटा कंपनीने २००८ मध्ये असा पहिला नमुना काढला. ग्राहकाला शेपूट आखूड पण सेडान स्वस्त, असा सौदा मिळाला. सामान आणि म्हातारी माणसे घेऊन दूर जाणाऱ्या कुटुंबाला तो सौदा कितपत मानवला, हे ज्याचे त्याला ठाऊक. सोय आणि खर्च यांच्या झटापटीत कधी कधी तिसराच हात, कायद्याचा, वजन टाकतो हे मात्र खरे.

भरवशाचा प्रश्न २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर गाजला. ऑगस्ट महिन्यात भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड सुनावला. आक्षेप असा होता की, या कंपन्या सुटे भाग आणि बिघाड तपासण्याची साधने बाहेरच्या मिस्त्रींना मोकळेपणाने मिळू देत नाहीत. त्यामुळे ग्राहकाला अधिक दाम देऊन कंपनीच्याच दारी जावे लागते. प्रकरण पुढे अपिलात गेले. निकालाचे कायदेशीर तपशील बाजूला ठेवले तरी मूळ मुद्दा मोलाचा आहे. जो मिस्त्री ॲम्बेसेडरच्या काळी भरवशाचा आधारस्तंभ होता, त्याच्या हातून पाना कोणी काढून घेतला, हा प्रश्न आयोगाने उघडपणे विचारला. गाडी घेताना ‘तेल बदलायला किती, दिवा फुटला तर किती, आणि हे काम गावात होईल की जिल्ह्याला जावे लागेल’ हे विचारणे म्हणजे चिकित्सकपणाचा अतिरेक नव्हे. तो खर्चाचाच भाग आहे.

याच वर्षी आणखी एक पारडे तराजूला जोडले गेले. परदेशातील एका संस्थेने भारतीय मोटारी भिंतीवर आदळून पाहिल्या आणि लोकप्रिय अशा काही लहान गाड्यांना सुरक्षिततेत शून्य तारे दिले. तोपर्यंत सुरक्षितता म्हणजे जाड पत्रा अशी भाबडी समजूत होती. वस्तुतः आदळताना पुढचा भाग ठरलेल्या रीतीने चेपला जाऊन आतील माणसांचा कोठा शाबूत राहावा, यात रचनेचे कौशल्य असते; केवळ जाडीत नसते. २०१९ पासून चालकापुढील हवेची पिशवी सक्तीची झाली आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची आदळ-चाचणी सुरू झाली. मध्यम सेडान या कसोटीस पुष्कळ अंशी उतरल्या. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवागन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या दोन गाड्यांनी २०२३ मध्ये पाच तारे मिळवले. ह्युंदाईच्या नव्या व्हर्नानेही तेच केले. सोयींच्या यादीत पूर्वी आरसे, गाणी आणि गाद्या असत. आता जीव वाचवणे ही सोय त्या यादीच्या शिरोभागी आली. ही गोष्ट इतक्या उशिरा यावी याचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही.

जुन्या तिघींचा शेवट केव्हाच झाला आहे. हेराल्ड १९७० च्या दशकात गेली. पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या आरंभी थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरील तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. ॲम्बेसेडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये बंद पडले. नव्यांपैकीही कित्येक गेल्या. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. मारुतीची सिआझ २०२५ मध्ये बंद झाली. उंच बांधणीच्या गाड्यांची हौस वाढल्यामुळे सेडानचा वर्गच आक्रसत चालला आहे. म्हणून आज सेडान घेणाऱ्याला हा इतिहास अधिकच उपयोगी आहे. कारण ज्या वर्गाची मागणी घटते त्या वर्गातील गाडी केव्हा बंद होईल याचा नेम नसतो.

मग या पाऊणशे वर्षांचे सार काय? सोयी या दुकानात दिसतात, खर्च हा महिन्यामहिन्याला दिसतो, आणि भरवसा दिसतो तो संकटात. जी गोष्ट सर्वांत उशिरा दिसते तीच प्रथम विचारावी, एवढे शहाणपण या इतिहासाने दिले आहे. कंपनी या देशात किती वर्षे आहे, तिने बंद केलेल्या गाड्यांच्या मालकांना पुढे सुटे भाग दिले की वाऱ्यावर सोडले, आपल्या गावापासून तिचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे, आणि तीच गाडी पाच वर्षे वापरलेला माणूस काय सांगतो, या चार प्रश्नांची उत्तरे आधी घ्यावीत. त्यानंतर पाच वर्षांचा पूर्ण खर्च कागदावर मांडावा. त्यात किंमत, इंधन, विमा, देखभाल मिळवावी आणि गाडी विकून येणारी रक्कम वजा करावी. सुरक्षिततेचे तारे पाहावेत. आणि हे सारे झाल्यावर उरलेल्या दोन-तीन गाड्यांतून जिच्या आसनावर घरातील सर्वांत वृद्ध माणूस सुखाने बसेल आणि सुखाने उतरेल, ती निवडावी. काचेचे छप्पर आणि रंगीत पडदे यांचा विचार त्यानंतर करण्यास काहीच हरकत नाही.

ॲम्बेसेडर, कॉन्टेसा, प्यूजो, सिएलो आणि सिटी यांच्या मालकांनी मिळून हे शास्त्र लिहिले आहे. काहींनी ते लाभातून लिहिले, काहींनी हानीतून. दुसऱ्याने भरलेल्या फीवर आपण शिकावे, यात कमीपणा नाही.